वित्तव्यवस्थापनाची पदवी

मुंबईंत १९१३ सालीं सिडनहॅम कॉलेज निघालें, तेव्हांपासून वाणिज्यशिक्षण सुशिक्षित घरांच्या परिचयाचें आहे. वित्तव्यवस्थापन ही त्याचीच एक शाखा. परंतु तिची दृष्टि निराळी. जमाखर्च मुख्यतः झालेल्या व्यवहाराचा वृत्तांत देतो. ही विद्या पुढील निर्णयाचा विचार करते. भांडवल कोठून उभारावें, कशांत गुंतवावें आणि नफ्यापैकीं किती वाटावें, हे तिचे मूळ प्रश्न होत.

विद्यार्थ्याचा पहिला धडा काळाचा. द. सा. द. शे. ८ चक्रवाढ व्याजानें आजचे १०० रुपये दोन वर्षांनीं ११६ रुपये ६४ पैसे होतात. म्हणून दोन वर्षांनीं मिळणारे ११६ रुपये आजच्या शंभरांहून कमीच. कर्ज, रोखे, कारखान्याचें नवें यंत्र, या सर्वांची पारख याच मापानें होते.

दुसरा धडा रोकडीचा. व्यापाऱ्यानें ८० हजारांचा माल रोखीनें घेऊन तीन महिन्यांच्या उधारीवर एक लाखास विकला, तर वहींत २० हजारांचा नफा दिसतो; पण पहिल्याच महिन्याचे पगार द्यावयास तिजोरींत पैसा नसतो. नफ्यांतला धंदा बुडतो तो असा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत पदवीसाठीं तीन अथवा चार वर्षांचा अभ्यासक्रम सांगितला आहे. एवढीं वर्षें या विषयास देण्यापूर्वीं पालकांनीं भावी पगाराची चौकशी करावी; पण त्याआधीं आपल्या मुलास वा मुलीस आकड्यांमागील कारण शोधण्याची हौस आहे कीं नाहीं, हें पाहावें. सूत्रें पाठ करून परीक्षा उतरतां येते. परंतु उधारी केव्हां थांबवावी, हें सूत्र सांगत नाहीं.