हार्ड डिस्क बिघडली, लॅपटॉप शाबूत!

प्रतिनिधी, पुणे

दहा-पंधरा वर्षे वापरलेला लॅपटॉप एके दिवशी सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते, आतून टकटक आवाज येतो आणि दुकानदार ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला देतो. मग हा लॅपटॉप कपाटात पडून राहतो किंवा भंगारात जातो. अशा वेळी अनेकदा निकामी झालेली असते ती केवळ हार्ड डिस्क. प्रोसेसर, पडदा आणि कळफलक ठणठणीत असतात. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना लागणाऱ्या हिर्डोशीसारख्या गावातील विद्यार्थ्याला असे यंत्र आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकते. मात्र ते गावी नेण्यापूर्वी शहरातच पूर्ण दुरुस्त व्हायला हवे, कारण तेथे पुन्हा बिघडले तर दुरुस्तीसाठी तालुक्याचे गाव गाठावे लागते.

डिस्क का बिघडते?

लॅपटॉपमधील जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कच्या चकत्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे या गतीने फिरतात. माहिती वाचणारे ‘हेड’ त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून सरकत असते. चालू लॅपटॉपला धक्का बसला किंवा झीज वाढली, की हेड चकतीला घासते आणि माहितीचे तुकडे वाचता येईनासे होतात.

हा धोका ओळखूनच ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाच्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क ठेवली नव्हती. तिच्या जागी १ गीगाबाइटची फ्लॅश मेमरी होती. घाटापलीकडच्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात येथील शाळेत २००७ मध्ये हेच लॅपटॉप मुलांच्या हाती आले होते. आज जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवणे ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे. एसएसडीत फिरणारा एकही भाग नसतो.

आधी माहिती, मग यंत्र

डिस्कमध्ये छायाचित्रे, हिशेब किंवा लेखन असेल, तर पहिले काम ते वाचवण्याचे. टकटक आवाज येत असल्यास लॅपटॉप पुन:पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात चकतीची हानी वाढू शकते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा घरगुती उपाय तर टाळावाच, कारण बाहेर काढताच तिच्यावर बाष्प साचते.

डिस्क नुसतीच संथ झाली असेल, तर ती काढून यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि सर्वांत महत्त्वाच्या फाइल प्रथम उतरवून घ्याव्यात. ‘डिस्क दुरुस्त करू का?’ असे संगणकाने विचारल्यास नकार द्यावा, कारण ती दुरुस्ती मरणासन्न डिस्कवर अधिक ताण टाकते. लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम अशा कामासाठीच आहे. तो आधी डिस्कचा सुस्थितीतील भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि खराब भागाकडे नंतर वळतो. डिस्क ओळखलीच जात नसेल, तर काम तज्ज्ञ प्रयोगशाळेचे. ते महाग असते. म्हणून माहितीचे मोल किती, हे आधी ठरवावे.

यंत्राची परीक्षा

नवी डिस्क विकत घेण्यापूर्वी बाकीचा लॅपटॉप चालतो का, हे पाहणे शहाणपणाचे. त्यासाठी लिनक्सची ‘लाइव्ह’ आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. हार्ड डिस्क काढून टाकलेली असली तरी तो चालतो. कळफलक, वाय-फाय, आवाज, पंखा आणि चार्जर तपासून घ्यावेत. बॅटरी फुगलेली असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल, तर ती लगेच काढावी. तिला टोचू किंवा दाबू नये.

दर वेळी तारीख चुकत असेल, तर मदरबोर्डवरील लहान सेल संपलेला असतो. हा दोष किरकोळ वाटतो. पण तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि इंटरनेटच बिघडले असा समज होतो.

कोणती डिस्क, कोणती प्रणाली?

साधारण २००५-०६ च्या सुमारास लॅपटॉपमध्ये ‘आयडीई’ऐवजी ‘साटा’ जोडणी रूढ होऊ लागली. साटा असल्यास बाजारात मिळणारी अडीच इंची एसएसडी सहसा थेट बसते. जुन्या जोडणीमुळे तिची पूर्ण गती मिळत नाही, तरी फिरत्या डिस्कपेक्षा फरक लगेच जाणवतो. ४४ पिनांची आयडीई जोडणी असेल, तर अ‍ॅडॉप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड किंवा एमसाटा एसएसडी बसवता येते. पुण्यातील तपकीर गल्ली किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर जाताना जुनी डिस्क सोबत नेल्यास चुकीची खरेदी टळते.

प्रणालीचा प्रश्न अधिक नाजूक. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ च्या अटींत इतकी जुनी यंत्रे बसत नाहीत. त्यामुळे लिनक्स हाच व्यवहार्य मार्ग उरतो. येथे प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, हे पाहावे. कोअर २ ड्युओ ६४ बिटचा आहे, पेंटियम एम ३२ बिटचा. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. अशा यंत्रांसाठी ‘अँटीएक्स’सारख्या हलक्या प्रणाली पाहाव्या लागतात.

मराठीची अडचण येत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये उपलब्ध असतो आणि रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेले ‘लोहित’ फॉन्टही वापरता येतात. २ गीगाबाइट रॅममध्ये लेखन, हिशेब आणि वाचन होते. इंटरनेट सुसह्य व्हायला ४ गीगाबाइट हवे.

गावी नेण्याआधी

नीरा-देवघर धरणाच्या परिसरातील या पट्ट्यात पाऊस दांडगा. दमट हवेत लॅपटॉप महिनोन् महिने बंद ठेवू नये, अधूनमधून चालवावा. वीज जाते तेव्हा बॅटरी नसलेला लॅपटॉप तत्काळ बंद पडतो, म्हणून काही वेळ तरी टिकणारी बॅटरी असणे आवश्यक. इंटरनेट बेभरवशाचे असेल, तर ‘किविक्स’च्या साह्याने मराठी विकिपीडिया आधीच उतरवून ठेवता येतो.

सोबत प्रणालीचा एक पेन ड्राइव्ह आणि सुरू करण्याच्या सूचना मराठीत लिहिलेला कागद द्यावा. काढलेली डिस्क मात्र तशीच भंगारात टाकू नये. तिच्यातील खासगी माहिती पुसून किंवा चकत्या मोडून ती नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावी. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

लॅपटॉप देण्यापूर्वी आठवडाभर स्वतः वापरून पाहावा. त्या काळात तो दोनदा जरी बंद पडला, तरी तो गावी नेऊ नये. अशी भेट म्हणजे शहरातील ई-कचरा गावात नेऊन टाकणेच होय.