झोंबी पुन्हा उठतो, मग भीती का उठत नाही?

(हा आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'तर', 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. काही सिनेमांचे शेवट यात उघड होतात. आधी सिनेमे बघायचे असतील तर बघून या, लेख कुठे पळत नाही.)

धायरीतून, खिडकीखालच्या टँकरच्या हॉर्नसकट, तुमचं स्वागत.

आजचा प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. जुन्या झोंबी सिनेमांचे रिमेक येतात, पैसा जास्त असतो, मेकअप भारी असतो, रक्त तर बादल्यांनी असतं. तरी मूळ सिनेमावर प्रेम करणारा माणूस बाहेर येतो तो तोंड पाडूनच. असं का? 'आमच्या वेळी सगळं चांगलं होतं' एवढंच कारण आहे का?

मला तसं वाटत नाही. कारणं आहेत, आणि ती नीट सांगता येतात. आधी अमेरिकेत जाऊ, मग आपल्याकडे येऊ.

पहिलं कारण : भीती त्या वर्षाची असते

जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला १९६८ साली. बजेट साधारण १ लाख १४ हजार डॉलर, चित्र कृष्णधवल, कलाकार अनोळखी. गंमत म्हणजे या सिनेमात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही. गोष्ट एवढीच, की मेलेली माणसं उठलीत आणि काही जिवंत माणसं एका घरात दारं-खिडक्यांना फळ्या ठोकून बसलीत.

नायक बेन. ते काम डुएन जोन्स या कृष्णवर्णीय नटानं केलंय. बेन रात्रभर झुंजतो, वाचतो. सकाळी बंदुका घेतलेली गोऱ्या लोकांची टोळी येते, त्याला लांबूनच झोंबी समजते आणि गोळी घालते. त्यानंतर पडद्यावर येतात ते खरबरीत फोटो, वर्तमानपत्रात छापून येतात तसे. सिनेमा आला ऑक्टोबरमध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. थिएटरमधल्या माणसाला तो शेवट कोणी समजावून सांगायची गरज होती का?

१९९० मध्ये टॉम सॅव्हिनी यांनी याचा रंगीत रिमेक केला. पटकथा खुद्द रोमेरोंची. सॅव्हिनी म्हणजे रक्त-जखमांच्या मेकअपमधला बाप माणूस, त्यामुळे प्रेतं एकदम खरी वाटतात. बार्बरा हे पात्र मूळ सिनेमात धक्क्यानं गोठून बसतं, इथे ती बंदूक उचलते. हा बदल विचारपूर्वक केलेला आहे, मला आवडतोही. पण शेवटी बेन खरंच झोंबी होतो आणि मग मारला जातो. म्हणजे बघा, गोळी योग्य माणसालाच लागली! १९६८ मध्ये पोटात जो गोळा आला होता तो इथे येत नाही. सिनेमा वाईट नाही, पण ज्या जखमेवर मूळ सिनेमानं बोट ठेवलं होतं, ते बोट इथे उचललं गेलंय.

जाता जाता एक गोष्ट. या सिनेमाचं नाव ऐनवेळी बदललं आणि वितरकाकडून नव्या प्रतीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार सिनेमा थेट सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही यावं, कॉपी काढावी, रिमेक करावा. त्यामुळे याच्या नावावर निघालेल्या सिनेमांची रांग लांब आहे, आणि त्यातले बरेच जण नाव फुकट मिळालं म्हणूनच आलेत.

दुसरं कारण : वेग वाढवला की अर्थ मागे पडतो

रोमेरोंचा पुढचा झोंबी सिनेमा 'डॉन ऑफ द डेड', १९७८. पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिल मॉलमध्ये रात्री, दुकानं बंद झाल्यावर चित्रीकरण केलेला. यातले झोंबी मॉलमध्ये येतात, कारण जिवंतपणीची ती सवय आहे. रेंगाळतात, काचांना नाक लावतात, सरकत्या जिन्यावर धडपडतात. हसू येतं, आणि मग जाणवतं की दर रविवारी आपणही असेच फिरतो.

२००४ मध्ये झॅक स्नायडर यांनी रिमेक केला. झोंबी धावायला लागले. सुरुवातीची दहा मिनिटं जबरदस्त आहेत, सिनेमा चाललाही चांगला, आणि तो आवडणारे बरेच जण हे ऐकत असतील. पण धावणारा झोंबी म्हणजे पिसाळलेलं कुत्रं. त्याच्यापासून पळायचं, बस्स. हळू चालणाऱ्या झोंबीकडे बघायला वेळ मिळतो, आणि बघता बघता त्यात शेजारी दिसतो, बायको दिसते, आपण स्वतः दिसतो. रोमेरोंनाही धावणारे झोंबी पटले नव्हते, मुलाखतींमधून त्यांनी ते सांगितलंय. २००४ च्या सिनेमात मॉल ही नुसती लपायची जागा उरली. गोदाम असतं तरी चाललं असतं.

आणि 'डे ऑफ द डेड'? १९८५ च्या मूळ सिनेमात बब नावाचा झोंबी आहे. त्याला हळूहळू माणूसपण आठवायला लागतं आणि त्याच वेळी आसपासचे सैनिक जनावरासारखे वागत असतात. २००८ च्या रिमेकमध्ये बबचा झाला बड, आणि तो माणसं खात नाही. का? तर जिवंतपणी शाकाहारी होता म्हणून. पुढे मी काय बोलू?

तिसरं कारण, आपल्या घरातलं : 'लपाछपी' आणि 'छोरी'

आता म्हणाल, हे सगळं तिकडचं. तर इकडे या. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७ च्या जुलैमध्ये थिएटरला लागला. पूजा सावंत गरोदर नेहाच्या भूमिकेत. नवरा-बायको शहरातून पळून उसाच्या फडातल्या एका घरात राहायला येतात. घर सांभाळणारी तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. ती इतक्या मायेनं बोलते, खाऊ-पिऊ घालते, की त्या मायेचीच भीती वाटायला लागते. मूळ दुखणं मुलगी नको असण्याचं.

चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याच दिग्दर्शकानं तीच गोष्ट हिंदीत केली. 'छोरी', ॲमेझॉन प्राइमवर. नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ. काम चोख आहे, मीता वशिष्ठ तर उत्तमच. विषयही उपरा वाटत नाही, कारण मुलगी नकोशी असणं ही काही फक्त महाराष्ट्राची मक्तेदारी नाही.

मग 'लपाछपी' बघितलेल्या माणसाला 'छोरी' थोडा फिका का वाटतो? एक तर सोपं कारण : कोण काय लपवतंय हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. लपाछपीच्या खेळात लपायची जागा कळली की खेळ संपला. त्याला इलाज नाही.

दुसरं कारण ऊस. तिकडेही ऊस आहे, उंच आणि हिरवा. पण मराठी प्रेक्षकाला ऊस बघितल्यावर नुसतं शेत दिसत नाही. कारखाना दिसतो, त्या पैशावर उभं राहिलेलं राजकारण दिसतं, बैलगाडीत संसार भरून निघालेली टोळी दिसते. ऊसतोडीला माणसं पाठवणाऱ्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. सिनेमा हा आकडा सांगत नाही. सांगायची गरजच नाही, बघणाऱ्यानं त्या बातम्या वाचलेल्या असतात. फडात पोर गडप होतं तेव्हा ती भीती आधीच घरात येऊन बसलेली असते. 'छोरी'त तोच फड सुंदर, भुलभुलैयासारखा दिसतो. भुलभुलैया कुठेही उभारता येतो.

यात एक दुखरी बाजू आहे. 'छोरी' देशभर पोचला, २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. 'लपाछपी'चं नाव मात्र अनेकांनी ऐकलेलंच नाही. रिमेक मूळ सिनेमाला मारत नाही, पण त्याच्यासमोर उभा राहून त्याला झाकू शकतो.

मग कधी जमतं?

जमतं तेव्हा बहुतेक वेळा गोष्टीचं बी घेतलेलं असतं आणि झाड स्वतःच्या मातीत वाढवलेलं असतं. जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' (१९८२) आणि डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा 'द फ्लाय' (१९८६) हे दोन्ही जुन्या सिनेमांचे नवे अवतार, आणि आज लोक मूळपेक्षा त्यांचीच नावं आधी घेतात.

आपला 'झपाटलेला' घ्या, १९९३. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या अमेरिकी 'चाइल्ड्स प्ले'मध्ये होतीच. पण महेश कोठारेंनी ती आणली बोलक्या बाहुल्यांच्या खेळात. बाहुला रामदास पाध्येंचा, तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांचा, आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. कल्पना उसनी होती असं आज कुणाला आठवतही नाही.

आणि झोंबीचंच म्हणाल तर आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली', २६ जानेवारी २०२२. हा कशाचा रिमेक नाही, पण रोमेरोंचं बी यात बरोबर रुजलंय. अमेय वाघ आणि वैदेही परशुरामी हे जोडपं डोंबिवलीतल्या मोठ्या संकुलात राहायला येतं, शेजारी जनता नगरची वस्ती, तिथला लढणारा तरुण ललित प्रभाकर. मधे भिंत आणि भांडण पाण्याचं. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणारं, हिरव्या पावसाची बातमी पचवलेलं गाव आहे ते. तिथे झोंबी आले तर प्रेक्षक म्हणतो, 'हं, येऊ शकतात.' सगळे विनोद जमलेत असं नाही, पण पाय जमिनीवर आहेत.

धायरीत बसून हे का बोलतोय?

कारण भीती कुठे असते हे इथे राहून कळतं. २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात धायरी होती. इमारती झरझर उभ्या राहिल्या, पाण्याचा प्रश्न मात्र टँकरवर राहिला. आणि मग जानेवारी २०२५. सिंहगड रोडच्या या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला भागात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, हातापायातली ताकद जाते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, संशयाची सुई पाण्याकडे वळली. घरोघरी पाणी उकळायला लागले. पेला तोंडाला लावताना हात थबकणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत आमच्या अख्ख्या पट्ट्यानं अनुभवलं. ज्यांच्या घरातली माणसं आजारी पडली, गेली, त्यांच्यासाठी हा 'हॉरर' नव्हता. म्हणून हा विषय कुणी हलक्या हातानं उचलू नये.

पण उद्या कुणी मला म्हणालं, की 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मराठीत करायचाय, तर मी तीन प्रश्न विचारीन. मूळ सिनेमातली माणसं खरं तर कशाला घाबरली होती? ती भीती आज, इथे, कोणत्या रूपात आहे? आणि ती दाखवायला झोंबी लागतोच का? तिन्हीची उत्तरं असतील तर खुशाल करा, मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन. नसतील तर मेकअपचा खर्च वाचवा.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ : 'छोरी' बघितला असेल आणि 'लपाछपी' राहिला असेल, तर तो शोधून बघा. रात्री, दिवे घालवून. आणि कोणत्या रिमेकनं तुमचा सगळ्यात जास्त विरस केला, आणि कोणता मूळपेक्षा सरस वाटला, ते कारणासकट कळवा. नुसतं 'बकवास होता' चालणार नाही!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी उकळून प्या.