डोळ्याचा डोया: वर्ध्यात आणि पॅरिसात

वर्धा जिल्ह्यात देवळी, आर्वी, हिंगणघाट, कुठंही जा. "तुह्या डोयात काई गेलं काय?" असं कुणीतरी विचारताना ऐकू येईल. डोया म्हणजे डोळा. तसाच काळा तो काया, केळं ते केयं, आणि पोट्टे शिकायला जातात ते शायेत! वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. पाहुणे कधी हसतात, कुणी "नीट बोल" म्हणून दटावतंही.

आता एक गंमत करा. आरशासमोर उभं राहून 'ळ' म्हणा. जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं ना? मग 'य' म्हणा. आता टोक टेकतच नाही, जीभ नुसती टाळूजवळ जाऊन येते. म्हणजे 'डोया' म्हणताना जिभेचे कष्ट वाचले.

असेच कष्ट फ्रान्समधल्या लोकांनीही वाचवलेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात ज्युलियस सीझरने आजचा फ्रान्स, म्हणजे तेव्हाचा गॉल, जिंकला. रोमन शिपाई आणि व्यापारी तिथे लॅटिन घेऊन आले. पोथ्यांमधली नव्हे हं, बाजारातली! पोथीत डोक्याला 'कापुत' असा शब्द होता. पण लोक गमतीने डोक्याला 'तेस्ता' म्हणू लागले. तेस्ता म्हणजे मातीचं मडकं! फ्रेंचमधला डोक्यासाठीचा आजचा शब्द 'तेत' या मडक्यातूनच निघालाय.

लॅटिनमध्ये डोळा होता 'ओकुलुस'. घाईघाईत बोलताना त्याचा झाला 'ओक्लु'. मग 'क्ल'चा 'ल्य' झाला, आणि शेवटी 'ल'सुद्धा गळून उरला 'य'. आज फ्रेंच माणूस डोळ्याला साधारण 'अय' म्हणतो. मुलगी होती 'फीलिआ', तिची झाली 'फीय'. एकोणिसाव्या शतकात एमिल लित्रे नावाच्या मोठ्या कोशकारांनी हा 'य'चा उच्चार चुकीचा ठरवला होता. पण लोक तसंच बोलत राहिले, आणि आज तोच उच्चार प्रमाण मानतात. मग 'डोया' म्हणणाऱ्याला चूक कसं म्हणायचं?

आपल्या मराठीचा प्रवासही असाच, बोलणाऱ्यांच्या तोंडातून झालेला. संस्कृत 'हस्त'चा प्राकृतात 'हत्थ' झाला, मग मराठीत 'हात'. 'कर्ण'चा 'कण्ण', मग 'कान'. हिंगणघाटच्या बाजारात येणारा कापूस एकेकाळी 'कर्पास' होता, मधे 'कप्पास' झाला. प्रत्येक वेळी जोडाक्षरातला एक आवाज दुसऱ्यासारखा झाला, आणि पुढे ती जोडी सुटली. जोडी सुटली की आधीचा स्वर लांबतो, म्हणून 'ह'चा 'हा' आणि 'क'चा 'का'.

फ्रेंचमध्येही पाहा. लॅटिनचा 'सेप्तेम' म्हणजे सात. फ्रेंच लोक आज म्हणतात 'सेत', पण लिहिताना मधला 'प' लिहितात! तो केव्हाच गळाला होता, नंतर विद्वानांना लॅटिनची आठवण म्हणून तो लिखाणात परत हवासा वाटला. आपल्या 'सप्त'मधलाही 'प'च गळाला आणि सात उरले. सप्त आणि सेप्तेम हे मुळात एकाच खूप जुन्या भाषेचे वंशज, एकमेकांचे भाऊच.

प्राकृत ही मधली पायरी वर्ध्याजवळच चांगली नांदत होती. धाम नदीकाठचं पवनार तुम्हाला विनोबांच्या आश्रमामुळे माहीत असेल. इतिहासकार वा. वि. मिराशी यांच्या मते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच. पाचव्या शतकातल्या या राजाने 'सेतुबंध' नावाचं महाकाव्य लिहिलं, रामाने समुद्रावर बांधलेल्या सेतूचं. आणि ते कोणत्या भाषेत? माहाराष्ट्री प्राकृतात, आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत! या प्राकृताला मधली व्यंजनं गाळायची फार हौस. 'सूची'तला 'च' गाळून तिने 'सूई' केली, 'राजकुल'चं 'राउल' केलं. तेच आपलं राऊळ.

वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात गेलं की रिद्धपूर लागतं. तेराव्या शतकात तिथे म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' लिहिलं, तेही मराठीत. याच पंथातले एक पंडित संस्कृतात लिहीत होते, तेव्हा पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवलं. संस्कृतात लिहिलं तर आपल्या म्हाताऱ्या बायांना काहीच कळणार नाही, याची त्यांना काळजी होती. फ्रान्समध्येही इ. स. 813 मध्ये तूर गावी जमलेल्या धर्मगुरूंनी ठरवलं होतं, की प्रवचन लोकांच्या बोलीत करायचं, कारण लॅटिन त्यांना समजेनासं झालंय.

आणि मराठीची ही सगळी वाट शब्द न् शब्द तपासून कुणी मांडली असेल? झ्यूल ब्लॉक या फ्रेंच माणसाने! मराठी कशी घडली यावर त्याने फ्रेंचमध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि मराठीचे अभ्यासक आजही ते उघडून बसतात.