पिकअप रस्त्यावर भरकटते तेव्हा...

जुन्नर परिसरातून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री वाशीच्या घाऊक बाजाराकडे निघणारी पिकअप सरळ रस्त्यावरही कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकू लागली, की चालकाचे हात एक क्षणही स्वस्थ राहत नाहीत. घाटातील वळणावर समोरून ट्रक येत असताना तर वीतभर अंतरही महागात पडू शकते. अशा वेळी बहुतेक मालक गाडी थेट व्हील अलाइनमेंटला नेतात. पैसे खर्च होतात, चार दिवस बरे वाटते आणि गाडी पुन्हा मूळ पदावर येते. अलाइनमेंट हा या दुखण्यावरील शेवटचा उपचार आहे, पहिला नव्हे.

गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर दोष बहुधा टायर, ब्रेक किंवा चाकांच्या कोनांत असतो. ती दोन्ही बाजूंना भरकटत असेल, तर कोठेतरी ढिलाई आहे किंवा चाकांना आपोआप सरळ होण्याची ओढ उरलेली नाही, असे समजावे. हा फरक चालकाने मिस्त्रीला नेमक्या शब्दांत सांगितला, तरी निम्मे काम होते.

प्रारंभ टायरपासून करावा. दाब टायर थंड असताना, उत्पादकाने दिलेल्या आकड्याप्रमाणे तपासावा; रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हे आकडे वेगळे असू शकतात. एकाच अक्षावर वेगवेगळ्या घडणीचे टायर नसावेत. टायरच्या पृष्ठभागावरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाकांचा टो बिघडलेला आहे.

यानंतर पाहायची ती मालाची मांडणी. सगळे ओझे मागच्या अक्षाच्याही मागे गेले, की पुढची चाके हलकी होतात आणि त्यांची रस्त्यावरील पकड कमी होते. क्षमतेपेक्षा अधिक भार असेल तर विचारायलाच नको. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2 हजार रुपये दंड आहे.

मात्र रिकाम्या परतीच्या प्रवासातच गाडी अधिक भरकटत असेल, तर मागच्या कमानींकडे पाहावे. भार पेलावा म्हणून जादा पाटे घालण्याची पद्धत सर्रास आहे. त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची बाजू उंच राहते, गाडी पुढे झुकते आणि कॅस्टर नावाचा कोन कमी होतो. सायकलच्या पुढच्या चिमट्याला मागे कल असतो, म्हणूनच हात सोडले तरी चाक सरळ राहू पाहते. मोटारीत हेच काम कॅस्टर करतो. तो घटला, की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर येत नाही. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट ढिले झाले, तर अक्षच जागेवरून सरकतो. मग मागची चाकेच गाडीला वळवू लागतात. गॅरेजमध्ये सारे लक्ष पुढच्या चाकांवर असल्याने हा दोष सहज निसटतो.

ढिलाई शोधण्याची उत्तम चाचणी बिनखर्चाची आहे. गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर टेकलेली, हँडब्रेक ओढलेला आणि गिअर न्यूट्रलमध्ये. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. एकाने स्टिअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने खालून एकेक सांधा पाहावा, त्यावर बोट ठेवावे. कॉलमचा सांधा, स्टिअरिंग बॉक्स, टाय रॉडची टोके यांपैकी जेथे एक भाग हलतो आणि पुढचा उशिरा हलतो, तेथे झीज आहे. नंतर गाडी जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन चाक वर-खाली धरून हलवावे. खळखळ जाणवली तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा जुन्या घडणीच्या गाडीत किंगपिन संशयास्पद. डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडचा दोष कळतो. सांधा बदलताना कॉटर पिन नवीच घालावी.

जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की ढिलाई कमी होते, म्हणून अनेक जण प्रथम तोच पिळतात. इतर सारे सांधे ठीक असल्याची खात्री झाल्यावरच, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने त्याला हात लावावा. अधिक आवळल्यास बॉक्स अडखळतो, स्टिअरिंग मध्यावर परतत नाही आणि भरकटणे उलट वाढते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 नुसार स्टिअरिंगची मोकळी हालचाल 30 अंशांहून अधिक असता कामा नये. 40 सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ही मर्यादा साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास भरते. महामार्गावरील वेगाला ती फारच उदार म्हणावी लागेल. याच नियमाने सांध्यांवर रबरी टोप्याही सक्तीच्या केल्या आहेत. टोपी फाटली की चिखल आत जातो, ग्रीस निघून जाते आणि नवा सांधाही अकाली झिजतो.

झिजलेले भाग बदलले, कमानी ठाकठीक केल्या, की मग अलाइनमेंट करावी. तेथे केवळ टो नव्हे, कॅस्टरचाही आकडा मागून घ्यावा. कमानीला हात लावला असेल तर काही दिवस माल वाहून झाल्यावर यू बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.