झडलेल्या बोटांचे देणे

सिरोंच्याला नदीकाठी उभे राहावे, तर समोर प्राणहिता. थोडे पुढे गेली की ती गोदावरीला मिळते. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, अशी येथली पुष्कळ मुले. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली, तेही दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. शाळा संपली, आता पुढे काय? हा प्रश्न येथे पिढ्यान्‌पिढ्या पडत आला.

त्याचे एक उत्तर याच मुलखात मिळाले होते. १९६४ साली सिरोंचा आणि वरोरा एकाच जिल्ह्यात होते. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांच्यासमवेत कुष्ठरोगी राहत. त्यांनी पिकविलेली भाजी घेण्यासही लोक आरंभी कचरत. त्याच माणसांनी त्या वर्षी आपल्या जागेत, आपल्या श्रमांनी गावच्या निरोगी मुलांसाठी आनंद निकेतन महाविद्यालय उभे केले!

पुढे १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, २०११ साली गोंडवाना विद्यापीठ आले. हे सरकारने केले, चांगले केले. परंतु पावसात वाट बंद झाली की वर्गातली कोणती बाके रिकामी राहतात, हे आम्हां शिक्षकांना ठाऊक असते. ती भरायला गावात कुणाची तरी पडवी लागते, कुणाच्या तरी घरचे दोन घास लागतात, जुनी पुस्तके लागतात.

“आमच्यापाशी देण्यासारखे काय आहे?” असे म्हणण्यापूर्वी, वाचकहो, वरोऱ्याचे ते हात एकदा आठवावे.