आधीं टिपा, मग लावा : शेतकामांच्या नोंदीची एक रीत

२०२१ सालच्या वैशाखांत विहिरीजवळच्या शेतांत पाळी घालीत असतां, गोठ्यांतील जनावरांस घटसर्पाची लस टोचावयाची राहिली आहे, हें माझ्या ध्यानांत आलें. घरीं जातांच पशुवैद्यकास निरोप धाडूं, असें मनाशीं म्हटलें. घरीं पाहुणे आले होते. पुढें बियाणें, खत, मृगाचा पाऊस, पेरणी. आषाढांत एके सकाळीं पहिलारू गाय चारा सोडून उभी राहिली, घसा सुजला, श्वास घरघरूं लागला, आणि दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं ती गेली. आठवण योग्य वेळीं झाली होती. ती शेतांतून घरापर्यंत मात्र पोंचली नाहीं.

आमचे वडील अशा वेळीं उपरण्यास गांठ मारीत. परंतु गांठ इतकेंच सांगते कीं कांहीं तरी करावयाचें आहे. काय करावयाचें तें ती सांगत नाहीं. मी खिशांत वही बाळगीत असें. तींत पंपाचें वायसर, सोसायटीचा हप्ता, गड्याची उचल आणि कपाशीची फवारणी हीं सर्व एकाखालीं एक लिहिलेलीं असत, आणि पान उलटलें कीं मागचें सर्व गेलें. तेव्हां गोठा, विहीर, हिशेब अशीं निरनिराळीं पानें आखून पाहिलीं. त्याचा परिणाम उलटाच झाला. चिखलांत उभें राहून, बैल धरून, कोणत्या पानावर लिहावें याचा विचार करणें जमेना. म्हणून लिहिणेंच राहूं लागलें. गाईच्या लसीची गोष्ट वहींत न जाण्याचें खरें कारण हें.

पुण्यास संगणकाचें काम करणारा माझा पुतण्या दिवाळीस आला असतां त्यास हें सांगितलें. तो म्हणाला, "काका, तुम्ही दोन कामें एकदम करतां. आधीं नुसतें लिहून टाका. कोठें लावायचें तें रात्रीं निवांत पाहा." त्यानें दाखविलेल्या साधनाचें नांव ऑर्ग-मोड. आम्स्टरडॅम विद्यापीठांतील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनीं २००३ सालीं तें आरंभिलें. ईमॅक्स नांवाच्या जुन्या लेखन-साधनाच्या आंत तें चालतें आणि मोफत मिळतें. झटपट टिपण्याची जी सोय पुढें सांगतों, ती आजच्या रूपांत २०१० सालीं त्यांत आली. तत्पूर्वीं जॉन विग्ली यांच्या 'रिमेंबर' या साधनावर हें काम चालत असे.

रचना अगदीं साधी आहे. नुसत्या अक्षरांची एक फाइल. ओळीच्या आरंभीं एक तारा (*) घातला कीं तो मथळा, दोन तारे घातले कीं त्याच्या पोटांतला मथळा. ताऱ्यापुढें 'टूडू' हा शब्द असला तर तें करावयाचें काम, 'डन' असला तर झालेलें. हे शब्द बदलून आपल्या पसंतीचे ठेवतां येतात. माझ्या फाइलींत गोठा, विहिरीचें शेत, माळ, अवजारें, देणें-घेणें आणि कचेरी असे सहा मथळे आहेत. याहून अधिक करण्याचा मोह आवरावा. मीं प्रथम सव्वीस केले होते.

आतां टिपणें. ठरविलेल्या कळा दाबल्या कीं एक लहान चौकट उघडते. तींत एक ओळ लिहावी, कंट्रोलची कळ धरून 'सी' दोनदां दाबावा; चौकट मिटते आणि आपण जें करीत होतों तेथेंच परत येतों. साचा तसा बांधून ठेवला असल्यास ओळीस तारीख व वेळ आपोआप लागते. ती ओळ एका ठराविक जागीं जाऊन पडते. त्या जागेस मीं 'आवक' हें नांव दिलें आहे. बाजार समितीच्या फाटकावर माल आला कीं आधीं त्याची नोंद होते, तो उत्तम कीं मध्यम हें तेथें कोणी पाहात बसत नाहीं. त्याचप्रमाणें येथेंही टिपतांना कोणताच प्रश्न विचारावयाचा नाहीं.

शेतांत संगणक नसतो, फोन असतो. अँड्रॉइड फोनावर ऑर्गझ्ली या नांवाचें साधन हीच फाइल वाचतें व लिहितें. फोनावरची आवक मात्र निराळ्या फाइलींत ठेवावी. एकच फाइल दोहींकडे एका वेळीं बदलली तर दोन प्रती जुळत नाहींत आणि कोणती खरी हा तंटा उपस्थित होतो.

आठवडी बाजाराच्या आदल्या रात्रीं, जेवणें झाल्यावर, मी आवक उघडतों. ज्या ओळीवर असूं तेथें कंट्रोल धरून 'सी' व मग 'डब्ल्यू' दाबला कीं 'कोठें?' असें विचारलें जातें; मथळ्याचीं दोन-चार अक्षरें लिहिलीं कीं ती ओळ, तिच्या पोटांतील सर्व मजकुरासह, त्या मथळ्याखालीं शेवटीं जाऊन बसते. कागदावर हेंच करावयाचें तर पुन्हां नकलून काढावें लागतें, आणि तें कोणी करीत नाहीं. आरंभीं हें साधन चालू फाइलींतील वरचे मथळेच दाखवितें. इतर फाइलींतील मथळे हवे असल्यास तशी तजवीज एकदां करून द्यावी लागते. हें ठाऊक नसल्यामुळें मी दोन दिवस साधनासच दोष देत होतों. वीस-पंचवीस ओळींस पंधरा मिनिटें पुरतात. कांहीं ओळी त्याच वेळीं खोडल्या जातात, कारण शेतांत जें निकडीचें वाटलें तें दिव्याखालीं तसें वाटत नाहीं. दोन आठवडे हें काम टाळलें तर आवकेचा उकिरडा होतो, हाही अनुभव घेतला आहे.

ज्या कामास मुदत आहे त्यास लावतांनाच तारीख द्यावी. मुदतीची सूचना चौदा दिवस आधींपासून कामांच्या यादींत दिसूं लागते, आणि दर वर्षीं येणारें काम असल्यास तशी खूण करतां येते. मग तें 'झालें' म्हणून नोंदतांच तारीख आपोआप पुढल्या वर्षावर जाते. येथें एक अडचण सांगून ठेवतों. मजकूर देवनागरींत खुशाल लिहावा, परंतु तारखेचे अंक इंग्रजीच घालावे. देवनागरी अंकांची तारीख हें साधन तारीख म्हणून ओळखत नाहीं, आणि चूक झाली असें सांगतही नाहीं. काम यादींत दिसतच नाहीं एवढेंच. माझा सोसायटीचा एक हप्ता अशाच रीतीनें चुकला.

घटसर्पाच्या लसीची ओळ आतां 'गोठा' या मथळ्याखालीं पहिली आहे, २० मे ही तारीख व दर वर्षाची खूण घालून. तिच्याखालीं जनावरांचे कानांतले क्रमांक लिहिले आहेत. गेल्या खेपेस दोन वासरें माळावर चरावयास गेल्यामुळें टोचावयाचीं राहिलीं; पशुवैद्यक फाटकाबाहेर पडण्यापूर्वीं तें फोनावर टिपलें, आणि तिसऱ्या दिवशीं त्यांस दवाखान्यांत नेऊन टोचून आणलें.