तो सध्या काय करतो?

खेळाडू टीम सोडून जातो, फॅन मात्र त्याला सोडत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या फुटबॉलवेड्यांना ही सवय जरा जास्तच आहे. आणि त्याला कारणही तसंच आहे.

ब्रेकअपनंतर 'तिचं' प्रोफाइल गुपचूप उघडून बघणाऱ्या मित्राला आपण सगळेच हसतो. मग २३ मे २०२५च्या शुक्रवारी, मध्यरात्री सव्वाबाराला, मोबाइलवर नापोलीची मॅच लावून बसलेले मँचेस्टर युनायटेडवाले वेगळं काय करत होते?

दोनच दिवसांपूर्वी युनायटेड बिल्बाओत टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल हरलं होतं. लीगमधला मोसम तर शेवटी पंधराव्या नंबरावर संपला. आणि तिकडे नेपल्समध्ये स्कॉट मॅक्टॉमिने हवेत आडवा झाला आणि त्यानं कॅग्लियारीच्या जाळ्यात असा काही गोल मारला, की शेजारच्या खोलीत आईबाबा झोपलेत हे विसरून ओरडावं! मॅक्टॉमिने म्हणजे वयाच्या पाचव्या वर्षापासून युनायटेडच्या अकादमीत वाढलेला पोरगा. ऑगस्ट २०२४मध्ये क्लबनं त्याला विकून टाकला. नापोलीनं ती मॅच २-० जिंकली आणि इटलीची लीगही. दुसरा गोल कुणाचा? रोमेलू लुकाकूचा. म्हणजे एके काळचा तोही आपलाच! मॅक्टॉमिनेचे लीगमध्ये बारा गोल झाले आणि सिरी आचा मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

अशा वेळी पोटात नेमकं काय होतं, हे नॉन-फुटबॉलवाल्यांना सांगणं कठीण आहे. पोराचं भलं झालं याचा आनंद असतोच. पण तो आपल्या घरात असताना हे का नाही झालं, ही जळजळ त्याहून मोठी. सकाळी ग्रुपवर लिव्हरपूलवाले त्या गोलचा व्हिडिओ टाकतात, खाली फक्त एक स्मायली. बास, तेवढ्यावर ऑफिसला पोचेपर्यंतची भांडणं चालतात.

'एक्स'वर नजर ठेवायच्या तऱ्हा अर्थात वेगवेगळ्या. फर्नांडो टॉरेस जानेवारी २०११मध्ये लिव्हरपूल सोडून चेल्सीत गेला, तेव्हा लिव्हरपूलवाल्यांनी त्याचा प्रत्येक हुकलेला गोल सणासारखा साजरा केला. उलट आर्सेनलवाल्यांनी २०१२-१३चा अख्खा मोसम दात-ओठ खात काढला, कारण रॉबिन व्हॅन पर्सीनं युनायटेडला सरळ विजेतेपदच मिळवून दिलं. तिसरी जमात ऑडिटरांची. 'विकला ते बरं केलं की नाही?' एवढा एकच हिशोब ते वर्षानुवर्षं मांडत बसतात. माझ्या मते फुटबॉलमधली सगळ्यात दुःखी माणसं हीच. ताळेबंद कधी जुळतच नाही!

जर्सीचा प्रॉब्लेम आणखी वेगळा. ओरिजिनल जर्सी म्हणजे पगारातला मोठा घास, त्यात पाठीवर नाव छापायचे जास्तीचे पैसे. आणि ज्याचं नाव छापलं, तो पुढच्याच मोसमात दुसरीकडे. घोडबंदर रोडच्या टर्फवर रात्री ऑफिस सुटल्यानंतरची पोरं खेळतात, तेव्हा पाठी नुसत्या वाचत बसलं तरी गेल्या पंधरा वर्षांच्या ट्रान्स्फर्स कळतात. शहाणे लोक पाठीवर स्वतःचं आडनाव छापून घेतात. निदान ते तरी क्लब सोडून जात नाही.

हे झालं टीव्हीवरचं प्रेम. घरचं प्रेम जास्त दुखतं.

२०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि आपल्याला मुंबई सिटी एफसी मिळाली. पहिली दोन वर्षं होम मॅचेस नेरूळच्या डी. वाय. पाटीलला. ठाणेकरांची चैन होती, ट्रान्स-हार्बरनं थेट नेरूळ. २०१६पासून मुक्काम अंधेरीला हलला. तेव्हापासून कल्याण-डोंबिवलीकरांचा मार्ग ठरलेला. फास्ट लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं आझाद नगर आणि मग चार पावलं चालत अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स. साडेसातची मॅच म्हणजे ऑफिसातून लवकर निघायचं निमित्त शोधणं आलं. मॅच संपवून घरी पोचेपर्यंत कॅलेंडरवरची तारीख बदलायला आलेली. एवढे हाल करून ज्याच्या नावानं घसा बसवायचा, तो पुढच्या वर्षी टीममध्ये असेल याची खात्री नाही.

कारण आपल्याकडे करार छोटे. परदेशी खेळाडू तर बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांच्या बोलीवरच येतो. करार संपला की तो फुकट मोकळा होतो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत तो पुढच्या क्लबशी बोलणी करू शकतो. म्हणजे नोटीस पीरियडवर असलेला कलीग जसा समोर बसून काम करतो पण मनानं दुसऱ्या कंपनीत असतो, तसंच. कोच बदलला की त्याच्या मागोमाग अर्धी टीम जाते, हेही ऑफिससारखंच.

याचा फायदा आपणही उकळलाय हं! २०१९-२०मध्ये एफसी गोवानं लीगमध्ये पहिला नंबर पटकावला. ती टीम बांधली होती सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश कोचनं, जरी मोसम संपायच्या आधीच गोव्यानं त्याला काढलं होतं. २०२०मध्ये लोबेरा मुंबईत आला आणि गोव्याचे ह्यूगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई हे सगळे मुंबईच्या निळ्या जर्सीत दिसले. कोविडमुळे तो मोसम रिकाम्या स्टेडियममध्ये गोव्यातच झाला. सेमी फायनलला समोर कोण? गोवा! पेनल्टींवर ६-५ असे आपण जिंकलो. पुढे १३ मार्च २०२१ला फातोर्ड्याच्या मैदानावर बिपिन सिंगनं नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला आणि कपही आपला. गोवेकरांनी आपलीच माणसं आपल्याच गावात दुसऱ्यासाठी कप उचलताना पाहिली. पुढच्याच वर्षी बुमूस आणि आपला कॅप्टन अमरिंदर सिंग हे दोघं ज्यांना फायनलमध्ये हरवलं त्यांच्याकडे, म्हणजे कोलकात्याला गेले. गोव्याच्या फॅन्सना किती हसू आलं असेल!

पण २०२४च्या उन्हाळ्यात जे झालं ते जरा अतीच होतं. ४ मे २०२४ला कोलकात्यात, मोहन बागानच्या घरात घुसून मुंबईनं ३-१नं कप जिंकला. कॅप्टन होता आपला मुंबईकर राहुल भेके. हा तोच भेके, ज्यानं २०१९च्या फायनलमध्ये अंधेरीच्याच मैदानावर एकशे सतराव्या मिनिटाला हेडर मारून बेंगळुरूला चॅम्पियन केलं होतं. फायनलमधला मुंबईचा पहिला गोल होर्हे परेरा दियाझचा. ट्रॉफीवरची बोटांची ठसेही पुसली गेली नसतील, तोवर भेके परत बेंगळुरूला, दियाझ बेंगळुरूला, अल्बेर्तो नोगेरा बेंगळुरूला. मिडफिल्डचा जीव असलेला अपुइया मोहन बागानला. ग्रेग स्टुअर्ट जानेवारीतच स्कॉटलंडला गेला होता, तोही फिरून आला तो मोहन बागानकडेच.

व्हायचं तेच झालं. २९ मार्च २०२५, बाद फेरी, बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम. मुंबई ०, बेंगळुरू ५. पाचवा गोल दियाझचा. चौथा सुनील छेत्रीचा आणि तोही २०१५मध्ये मुंबईकडून खेळून गेलेला! आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक त्यानं मारली ती आपल्याच जर्सीत. पाचातले दोन गोल आपल्याच माजी मंडळींचे. अशा रात्री माणसानं टीव्ही बंद करून जेवून घ्यावं.

माजी लोकांनी सुखही दिलंय, नाही असं नाही. कोच डेस बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३मध्ये मोसम अर्ध्यात सोडून ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. ते त्यांचं जन्मगाव, त्यामुळे राग तरी कसा धरणार? १८ मे २०२४ला, म्हणजे मुंबईनं कप जिंकल्यावर बरोबर दोन आठवड्यांनी, वेम्बलीवर ऑक्सफर्डनं बोल्टनला २-०नं हरवून वरच्या डिव्हिजनमध्ये उडी मारली. इंग्लंडची तिसऱ्या दर्जाची लीग बघायची वेळ आपल्यावर एरवी कधी आली असती? त्याच वर्षी डिसेंबरात ऑक्सफर्डनं त्यांना काढलं, तेव्हा इकडे उगाचच हळहळ.

आता मूळ मुद्दा. आपल्या भागातला फॅन खेळाडूंच्या मागे जास्त जातो, कारण इथे खेळाडू क्लब सोडण्याआधी क्लबच आपल्याला सोडून गेलेत. महिंद्रा युनायटेड आठवतं? २००५-०६ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेली आपली टीम. २०१०मध्ये ती बंद झाली आणि कूपरेजवर तिच्यासाठी ओरडणाऱ्यांकडे उरली ती फक्त नावं. अमका कुठे गेला, तमका कुठे गेला. टीमच नाही, मग माजी खेळाडूंच्या मागे जायचं नाही तर काय करायचं?

त्यानंतर राहिलं मुंबई एफसी. स्थापना २००७ची, पैसा बेताचा, जर्सी पिवळी. मध्ये कूपरेजचं काम निघालं तेव्हा होम मॅचेस पुण्याला बालेवाडीत. म्हणजे मुंबईच्या टीमची 'घरची' मॅच बघायला कल्याणकरानं पुण्याची गाडी पकडायची! २००९पासून कोच होता खालिद जमील. त्याच्या फुटबॉलला कुणी सुंदर म्हटलं नाही. पण दरवर्षी आय-लीगच्या तळाशी गटांगळ्या खात का होईना, त्यानं टीम बुडू दिली नाही. सात वर्षं! २०१६मध्ये तो गेला. कुठे? मिझोरामच्या ऐझॉल एफसीला. बरोबर मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता.

त्याच मोसमात, ३० एप्रिल २०१७ला, शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलनं आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातली पहिली चॅम्पियन टीम. देशभर कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. त्याच टेबलाच्या तळाशी, शेवटच्या नंबरावर, मुंबई एफसी होतं. ते खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं गेलं आणि क्लबही संपला. एकाच तक्त्याच्या एका टोकाला आपली माणसं आणि दुसऱ्या टोकाला आपली टीम. त्या दिवशी पिवळ्या जर्सीवाल्यांनी कुणाचा निकाल आधी वाचला असेल?

म्हणून मला ७ एप्रिल २०२५ची रात्र विलक्षण वाटते. सॉल्ट लेकवर आयएसएलची दुसरी सेमी फायनल, मोहन बागान विरुद्ध जमशेदपूर. जमशेदपूरनं पहिली लेग २-१नं जिंकलेली. त्यांचा कोच खालिद जमील. समोर बागानच्या मिडफिल्डमध्ये अपुइया. मुंबईची टीम आठवड्यापूर्वीच घरी बसलेली, म्हणजे कागदोपत्री या मॅचशी आपला काडीचाही संबंध नाही. पण जुना मुंबई एफसीवाला खालिदच्या बाजूनं आणि मुंबई सिटीवाला अपुइयाला चिकटलेला. बऱ्याचदा हे दोन्ही एकच माणूस! बागाननं पेनल्टीवर बरोबरी साधली आणि एक्स्ट्रा टाइमची तयारी सुरू असताना, ९०+४ला, अपुइयानं लांबून जो फटका मारला तो थेट जाळ्यात. खालिदची टीम बाहेर. बागाननं पुढे बेंगळुरूला हरवून कपही नेला. खालिदला ऑगस्ट २०२५मध्ये भारताचा हेड कोच केलं गेलं. त्याच्यापुरता निदान प्रश्न मिटला. आता त्याच्या बाजूनं ओरडायला कुणाची परवानगी नको.

बाकी गळती चालूच आहे. २०२५मध्ये बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला आणि मेहताब सिंग मोहन बागानला. त्यामुळे कोलकाता डर्बी लागली की दोन्ही बाजूंना आपली माणसं. आणि डिसेंबर २०२५मध्ये तर मालकच गेले. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं २०१९मध्ये मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेतला होता, तो लीगच्या भवितव्याची अनिश्चितता सांगत सोडून दिला. महिंद्रा आणि मुंबई एफसी पाहिलेल्यांच्या पोटात ती बातमी वाचून गोळा आला, तो उगाच नाही. खूश झाले असतील ते फक्त डोंबिवलीचे युनायटेडवाले. सहा वर्षं त्यांना अंधेरीत जाऊन मँचेस्टर सिटीच्या भावंडासाठी टाळ्या वाजवाव्या लागत होत्या.